मॉडेल रेल्वेवरच्या कारखान्याची मालवाहतूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेआउटवर, म्हणजे मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, कारखाना उभा राहिला, साइडिंग (मुख्य रुळातून कारखान्याकडे जाणारा फाटा) टाकून झाली, सांधाही (रूळ जिथे फुटतो ती जागा) नीट बदलतो. पुढे प्रश्न येतो तो तिथे कोणत्या वॅगन न्यायच्या, किती न्यायच्या आणि कधी परत आणायच्या याचा. खालची उत्तरं कोणत्याही प्रमाणाच्या (स्केलच्या) आणि कोणत्याही देशाच्या रेल्वेवर बेतलेल्या लेआउटला लागू पडतील.

सुरुवात कुठून करायची? हाताशी असलेल्या वॅगनपासून की कारखान्यापासून?

कारखान्यापासून. वॅगन आवडल्या म्हणून घेतल्या आणि मग त्यांना जायला जागा शोधली, असं बहुतेक लेआउटवर होतं. मग पिठाच्या मिलसमोर तेलाची टाकी उभी दिसते आणि ती तिथे कशाला आली हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी कागदावर पाच गोष्टी लिहा: कच्चा माल, इंधन, रसायनं आणि पॅकिंगचं सामान, तयार माल, आणि उरलेला चोथा किंवा भंगार. बहुतेकांच्या नजरेतून सुटतात त्या मधल्या दोन आणि शेवटची, आणि वाहतुकीत खरी विविधता आणणारे डबे त्यांचेच असतात.

कागदाची मिल बघा. लाकूड किंवा लाकडाचे तुकडे येतात आणि कागदाचे रोल जातात, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तिला कॉस्टिक सोडा लागतो, कागद गुळगुळीत करायला चिनी माती लागते, स्टार्च लागतो, बॉयलरला कोळसा किंवा तेल लागतं, काही ठिकाणी रद्दीही येते. म्हणजे एकाच कारखान्यात उघड्या वॅगन, बंद वॅगन, टाक्या आणि हॉपर (तळाच्या दरवाजांतून माल खाली सोडणाऱ्या वॅगन) असे चारही प्रकार येतात. जागा कमी असून वाहतूक भरगच्च हवी असेल, तर कागदाच्या मिलसारखा दुसरा कारखाना मला तरी सुचत नाही.

यादी झाली की तिच्यातून रेल्वेने न येणाऱ्या गोष्टी खोडा. सिमेंटचा कारखाना सहसा चुनखडीच्या खाणीला लागूनच बांधतात, त्यामुळे सर्वांत अवजड कच्चा माल पट्ट्यावरून किंवा डंपरमधून थेट येतो. साइडिंगवर येतो तो कोळसा आणि जिप्सम, आणि बाहेर जातं ते सिमेंट. चुनखडीने भरलेल्या वॅगन तिथे नेल्या, तर खाण कुठे आहे असं जाणकार माणूस लगेच विचारेल.

किती वॅगन लागतील हे कसं काढायचं?

साध्या भागाकाराने. दिवसाला किती टन माल लागतो ते ठरवा आणि एका वॅगनमध्ये किती टन मावतो त्याने भागा. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

दिवसाला २४० टन गहू दळणारी रोलर फ्लोअर मिल आहे असं धरा. वॅगनमागे ६० टन, म्हणजे गव्हाच्या रोज ४ वॅगन. गव्हातून साधारण पाऊण भाग मैदा-पीठ निघतं आणि पाव भाग कोंडा, म्हणजे १८० टन पीठ आणि ६० टन कोंडा. निम्मं पीठ ट्रकने जवळपासच्या गावांत जातं असं ठरवलं, तर रेल्वेला ९० टन उरलं. पोत्यांत भरलेलं पीठ बंद वॅगनमध्ये ४५ टन जातं असं धरलं, तर त्याच्या २ वॅगन झाल्या. कोंडा हलका असतो, वजन पुरं होण्याआधी डबा भरतो, म्हणून त्याच्या वॅगनमागे ३० टनच धरा. त्याच्याही २ वॅगन झाल्या.

एकूण रोज ८ वॅगन आत ठेवायच्या आणि ८ बाहेर काढायच्या. एवढ्याशा मिलवर शंटिंगच्या, म्हणजे वॅगन पुढेमागे करून लावण्याच्या, सोळा हालचाली! घरातल्या लेआउटवर हे जास्त होतं. अशा वेळी आकडा कमी करा, पण प्रमाण मोडू नका. गव्हाच्या २, पिठाची १ आणि कोंड्याची १ असं २:१:१ ठेवलं, तर मिल छोटी वाटेल पण खरी वाटेल. गव्हाच्या चार वॅगन आल्या आणि पिठाची एकही गेली नाही, तर एवढा माल आत जाऊन होतो काय, असा प्रश्न पडतो.

पोलाद बनवायचं असेल तर हे प्रमाण माहीत असणं फारच महत्त्वाचं. झोतभट्टीच्या मार्गाने एक टन कच्चं पोलाद करायला जगात सरासरी सुमारे १.४ टन लोहखनिज, ०.८ टनाच्या आसपास कोळसा आणि पाव टनाहून थोडी जास्त चुनखडी लागते. बाहेर जाणाऱ्या एका टनामागे जवळजवळ अडीच टन माल आत येतो. त्यामुळे पोलाद कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांत रिकाम्या वॅगनच जास्त दिसल्या पाहिजेत.

मला वीज केंद्र हवंच आहे. त्याला किती कोळसा लागेल?

५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर चालला, तर दिवसाला १२,००० मेगावॉट-तास वीज होते. प्रत्येक मेगावॉट-तासाला अर्धा टन कोळसा धरला, तर रोजचे ६,००० टन होतात. ६० टनांच्या शंभर वॅगन, रोज. एवढी गाडी फारच थोड्या घरांत मावेल.

मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे वीज केंद्र सोडून एखाद्या कापड गिरणीचं किंवा दूध डेअरीचं बॉयलर-घर करणं. त्याला आठवड्याला एक-दोन वॅगन कोळसा पुरतो आणि ते दोन वितींच्या जागेत बसतं. दुसरा मार्ग केंद्र ठेवायचंच असेल तर. भिंतीच्या एका बाजूला कोळशाची खाण आणि दुसऱ्या बाजूला वीज केंद्र ठेवा, आणि दोन्हींच्या साइडिंगा भिंतीतून आरपार जोडा. खाणीत रिकाम्या वॅगन ढकलल्या की त्या पलीकडे वीज केंद्रातून रिकाम्याच बाहेर पडतात. केंद्रात ढकललेल्या भरलेल्या वॅगन खाणीतून भरून निघालेल्या दिसतात. एकाही डब्यात हाताने कोळसा भरावा किंवा काढावा लागत नाही, आणि भरलेली गाडी नेहमी योग्य दिशेलाच धावते. जुनीच युक्ती आहे, पण तिच्याइतकी उपयोगी दुसरी कुठलीच नाही असं माझं मत आहे.

गाडी न तोडता कोळसा उतरवण्याची पद्धतही अस्सल आहे. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ‘मेरी-गो-राउंड’ गाड्या खाण आणि वीज केंद्र यांच्यामध्ये फिरू लागल्या. केंद्रातल्या गोल रुळावर गाडी अगदी हळू चालत राहायची आणि हॉपरचे तळाचे दरवाजे आपोआप उघडून कोळसा खाली पडायचा. हे करायचं तर गोल वळणाला जागा हवी. मात्र शंटिंग अजिबात नाही, आणि ते ज्यांना आवडतं त्यांनी आधी याचा विचार करावा.

कोणता माल कोणत्या वॅगनमधून जातो हे कसं ओळखायचं?

दोन गोष्टी बघा: माल भिजून किंवा घाण होऊन चालतो का, आणि तो किती जड आहे.

जडपणाकडे लोक कमी लक्ष देतात. सुट्या कोळशाचा एक घनमीटर साधारण ०.८ टन भरतो, तर लोहखनिजाचा दोन टनांच्याही वर जातो. त्यामुळे कोळशाच्या वॅगनमध्ये काठोकाठ खनिज भरलं तर तिची क्षमता कधीच ओलांडली जाते. म्हणूनच खास खनिजाच्या वॅगन बुटक्या आणि आखूड असतात. कोळशाची वॅगन खनिजासाठी वापरायची असेल, तर तळाशी, दोन्ही टोकांच्या बोगींच्या (चाकांच्या गाड्यांच्या) वर दोन छोटे ढीग दाखवा.

टाक्यांचंही तसंच. गंधकाम्ल पाण्याच्या १.८४ पट जड, म्हणून त्याची टाकी छोटी. द्रवरूप गॅस पाण्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, म्हणून त्याची टाकी लांबलचक आणि जाड. एका गाडीत या दोन्ही टाक्या शेजारी दिसल्या, की माहितगाराला पाटी न वाचता कळतं आत काय आहे.

स्वच्छतेचा नियमही पाळा. पीठ, साखर किंवा छपाईचा कागद ज्या बंद वॅगनमधून जातो, ती आतून कोरडी, स्वच्छ आणि वास नसलेली लागते. कातडी, खत किंवा तेलकट सामान वाहिलेली वॅगन तिथे पाठवत नाहीत. जुनाट, गंजलेल्या दिसणाऱ्या वॅगन भंगाराला आणि कातड्याला ठेवा, बऱ्या दिसणाऱ्या पिठाला. रंगकामात घेतलेली मेहनत अशी वाहतुकीतही उपयोगी पडते.

कच्चा माल घेऊन आलेली वॅगन तयार माल भरून परत जाऊ शकते का?

कधीकधी, आणि तेही बंद किंवा सपाट वॅगनच्या बाबतीत. पोत्यांतून रसायन घेऊन आलेली बंद वॅगन साफ करून त्यात मालाच्या पेट्या भरता येतात. टाक्या, हॉपर आणि खास बनावटीच्या वॅगन मात्र जवळजवळ नेहमी एका दिशेला भरलेल्या आणि दुसऱ्या दिशेला रिकाम्या धावतात. आम्लाच्या टाकीत खाद्यतेल कोण भरेल?

रिकाम्या वॅगन हीच खरी गंमत आहे. मालगाडीचा मोठा भाग खाली डब्यांचा असतो, त्यांनाही कुठून तरी कुठे तरी जायचं असतं. कारखान्याने ‘उद्या दोन बंद वॅगन लागतील’ असं मागणीपत्र टाकलं, की यार्डातून रिकामी, योग्य प्रकारची, स्वच्छ वॅगन निवडून पाठवायची. एवढं एक काम जोडलं तरी यार्डातल्या माणसाला दिवसभर डोकं चालवावं लागतं.

साइडिंग किती लांब हवी?

कारखान्याच्या दारांवरून ठरवा. अमेरिकी पद्धतीची ४० फुटी बंद वॅगन एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, कपलरसकट साधारण १५ सेंटीमीटर होते. तीन दारांसमोर तीन वॅगन लावायच्या तर ४५ सेंटीमीटर, आणि सांध्याजवळ शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासणार नाही एवढं अंतर वेगळं. एन प्रमाणात, १:१६० ला, तेवढ्याच लांबीत जवळजवळ दुप्पट वॅगन बसतात.

इमारतीच्या आकाराची मात्र काळजी करू नका. शंभर मीटरचं खरं गोदाम एचओमध्ये १.१५ मीटर होतं, आणि खरे कारखाने त्याच्या कित्येक पट असतात. सगळा कारखाना बांधण्याऐवजी रुळाला लागून असलेली भिंत बांधा, बाकीचा मागच्या पडद्यावर रंगवा. वॅगन दारांशी येतात, इमारतीच्या पाठीमागे काय आहे ते कुणी बघत नाही.

एका साइडिंगवर तीन वेगळी दारं असतील तर काय बदलतं?

जवळपास सगळंच. याच ठिकाणी साधी साइडिंग खऱ्या रेल्वेसारखी वागायला लागते.

आपली फ्लोअर मिल पुन्हा घ्या. टोकाला गव्हाची खाच (वॅगनमधला गहू उतरवण्याचा खड्डा), मधे पिठाचा फलाट, सांध्याजवळ कोंड्याचं दार. आता गव्हाची रिकामी वॅगन काढायची तर आधी कोंड्याची आणि पिठाची बाहेर ओढावी लागेल. पण पिठाची वॅगन अजून अर्धीच भरली असेल तर? तिला बाहेर काढून, टोकाची वॅगन बदलून, पुन्हा तिच्याच दाराशी नेमकी लावायची. खऱ्या कारखान्यातही हे असंच चालतं. शंटिंगसाठी भरणी थांबवावी लागते म्हणून कारखानदार वेळ ठरवून देतो. ‘जेवणाच्या सुट्टीत या’ किंवा ‘पाळी संपल्यावर या’ असा नियम तुमच्या मिललाही लावून बघा. मालगाडीचं वेळापत्रक आपोआप अर्थपूर्ण होतं.

प्रत्येक दाराला क्रमांक द्या आणि वॅगनच्या कागदावर तो लिहा. नुसतं ‘फ्लोअर मिल’ पुरेसं नाही, ‘फ्लोअर मिल, दार २’ हवं. आणि कारखान्यात जागा नसताना आलेल्या वॅगनसाठी जवळपास एखादा थांबण्याचा रूळ ठेवा. गव्हाच्या चार वॅगन आल्या आणि खाचेवर एकच उभी राहते, तर बाकीच्या तीन कुठे जाणार? त्यांच्यासाठी हा रूळ.

साइडिंगचा सांधा गाडीच्या दिशेच्या उलटा पडतो. चुकलं का?

नाही, उलट बरंच झालं. ज्या सांध्यातून इंजिन मागे ढकलत वॅगन आत ठेवू शकतं, ते काम जाताना होतं. ज्याचं तोंड समोर आहे, तिथे इंजिन पुढे लावलेली गाडी वॅगन आत ठेवू शकत नाही. एकतर लूपवरून, म्हणजे दोन्ही टोकांना जोडलेल्या बाजूच्या रुळावरून, इंजिन फिरवून वॅगनच्या मागे न्यायचं, नाहीतर ती वॅगन पुढच्या यार्डापर्यंत नेऊन परतीच्या गाडीला द्यायची. खऱ्या रेल्वेत दुसरा मार्ग सर्रास वापरतात. त्यामुळे एकाच कारखान्याच्या वॅगन दोन दिशांच्या गाड्यांत विभागल्या जातात, आणि यार्डात गाडी लावतानाच हे लक्षात घ्यावं लागतं.

वॅगन कारखान्यात किती वेळ थांबवायची?

खऱ्या रेल्वेत ठरावीक मोकळा वेळ असतो, त्यानंतर डेमरेज, म्हणजे वॅगन अडकवून ठेवल्याचा दंड, सुरू होतो. अमेरिकेत रिकामी करायला ४८ तास हा दीर्घकाळ सर्वसाधारण नियम होता. मॉडेलवर एक सत्र (गाड्या चालवण्याची एक बैठक) म्हणजे एक दिवस धरला, तर वॅगन एक किंवा दोन सत्रं थांबणं योग्य. प्रत्येक वॅगन प्रत्येक सत्रात हलली, तर कारखान्यात काही काम चालतं असं वाटत नाही. काही वॅगन तशाच उभ्या राहू द्या.

यातूनच किती वॅगन विकत घ्यायच्या तेही कळतं. सत्राला गव्हाच्या २ वॅगन लागतात आणि एक वॅगन भरणं, येणं, थांबणं, रिकामी होणं, परत जाणं यात ५ सत्रं घालवते, तर ताफा हवा १० वॅगनचा. दोनच घेतल्या तर त्याच दोन क्रमांकांच्या वॅगन रोज दिसतील.

गहू येतो ते शेत किंवा कोठार लेआउटवर नाही. मग माल कुठून आणायचा?

लेआउटबाहेरून. पडद्यामागचे किंवा टेबलाखालचे रूळ म्हणजे बाकीचं जग. तिथून भरलेली वॅगन येते, तिथेच रिकामी जाते. माझा आग्रह आहे की बहुतांश माल लेआउटबाहेरचाच असू द्या. लेआउटवरच्या एका कारखान्याचा माल दोन मीटरवरच्या दुसऱ्या कारखान्यात नेला, तर एवढ्याशा अंतराला रेल्वे कशाला, असं वाटतं. खरा कारखानदार तो ट्रकनेच पाठवेल. खाण आणि वीज केंद्रासारख्या जोड्या अपवाद.

रोज तेवढाच माल असतो का?

नसतो. ऊस असो वा बीट, साखर कारखान्याचा गाळप हंगाम काही महिन्यांचाच असतो. त्यानंतर गोदामातली साखर मात्र वर्षभर जात राहते. खतं पेरणीआधी येतात. धान्याच्या सुगीत रिकाम्या वॅगनची टंचाई होते आणि मागितलेल्या चारऐवजी दोनच मिळतात. फाशानेही हे साधतं: १ पडला तर त्या दिवशी मागणी नाही, ६ पडला तर एक वॅगन जास्त. फाशावर याहून जास्त गोष्टी सोडू नयेत असं मला वाटतं, कारण मागणीमागे कारण असावं.

हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

सर्वांत प्रचलित पद्धत म्हणजे प्रत्येक वॅगनचं एक कार्ड, त्याला खिसा, आणि खिशात चार बाजूंची बिल्टी. एका बाजूला ‘गहू, फ्लोअर मिल, दार १’, दुसरीवर ‘रिकामी, बाहेर’, आणि तसंच पुढे. सत्र संपलं की बिल्टी फिरवायची. जॉन अ‍ॅलन या अमेरिकी मॉडेलकारांनी त्यांच्या लेआउटवर वॅगनच्या छतावर रंगीत खुणा ठेवण्याची पद्धत वापरली होती. ती चटकन वाचता येते, पण दृश्याला बाधा आणते. ज्यांना खऱ्या गार्डसारखं काम करायचं आहे, त्यांनी संगणकावर किंवा हाताने शंटिंगची यादी तयार करावी: वॅगन क्रमांक, माल, कुठून, कुठे. दहा-पंधरा वॅगन असतील तर एक वही पुरते.

जागा एका फळीएवढीच आहे. हे सगळं शक्य आहे?

आहे. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश मॉडेलकारांची ‘इंगलनुक’ ही शंटिंगच्या कोड्याची रचना तीन रुळांची आहे, एकावर ५ आणि दोनांवर ३-३ वॅगन मावतात. आठ वॅगनमधून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि ठरलेल्या क्रमाने गाडी लावायची. क्रम ६,७२० होतात, त्यामुळे कंटाळा येत नाही. पण ते कोडं आहे, चिठ्ठ्यांनी ठरवलेला क्रम कारखान्याला कधीच नको असतो. तेच तीन रूळ वापरून एकाला गव्हाची खाच, दुसऱ्याला पीठ, तिसऱ्याला कोंडा द्या. मग तेच शंटिंग मिलच्या गरजेनुसार होतं.

काळ कोणता निवडला याने फरक पडतो?

फार. १९५० च्या आसपासच्या अमेरिकेत गहू साध्या बंद वॅगनमध्ये जायचा, आणि दाण्याची गळती होऊ नये म्हणून दारात आतून फळ्या ठोकायचे. १९६० च्या दशकात मोठे झाकणबंद हॉपर आले आणि ही कामं संपत गेली. सुटा किरकोळ माल रेल्वेने जायचा बंद होत गेला. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, त्यानंतरच्या दशकांत कारखान्याच्या दाराशी येणारी बंद वॅगन हळूहळू कंटेनर-यार्डाकडे वळली. दारोदारचं शंटिंग आवडत असेल तर आधीचा काळ घ्या, लांब एकसंध गाड्या आवडत असतील तर नंतरचा.

मी एकटाच असतो. तरी एवढं नियोजन कशाला?

एकट्यालाच ते जास्त लागतं, कारण पुढे काय करायचं हे सांगणारं दुसरं कुणी नसतं. आदल्या रात्री फ्लोअर मिलचं मागणीपत्र लिहून ठेवा: गव्हाच्या दोन, पिठासाठी रिकामी एक, कोंड्याची वॅगन अजून भरायची आहे म्हणून हलवू नये. दुसऱ्या दिवशी नियंत्रक हातात घेतलात की तुम्ही इंजिनचालक आहात आणि मिल तुमची गिऱ्हाईक. काम मध्येच थांबवावं लागलं तरी चालतं, वॅगन आहेत तिथे राहतात, कागद खिशात राहतात, आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते.